तुम्ही वाटत नाही हो

तुमच्या ओळखीत एकही आदिवासी माणूस नाही, हे तुम्ही किती खात्रीनं सांगू शकता?

घाईनं उत्तर देऊ नका. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधली जी मराठी मंडळी मला गेली काही वर्षं दर सणाला जेवायला बोलावतात, त्यांना कुणी हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी "आमच्यात? नाही बुवा," असंच सांगितलं असतं. आणि सांगता सांगता श्रीखंडाचं भांडं माझ्याकडे सरकवलं असतं.

मी कोकणा आहे. हे ऐकून कित्येकांना समुद्र आणि नारळ आठवतात, म्हणून लगेच सांगून टाकते, आमचा समुद्राशी काही संबंध नाही. नाशिक जिल्हा जिथे गुजरातला टेकतो, त्या डोंगरांत आमची गावं आहेत. नागली, वरई, थोडा भात. तिथून मी शिकत शिकत निघाले आणि आता इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते.

माझे बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहीत. तालुक्याच्या छापखान्यातून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे यायचे आणि आमच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी पडून असायचे. जमिनीच्या पट्ट्यांवर पत्रक, आश्रमशाळेतल्या किडक्या डाळीवर पत्रक, आम्हाला वनवासी म्हणणाऱ्यांवर पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. मागची कोरी बाजू गणितांसाठी वापरायची आणि गणित सुटलं नाही की कागद उलटा करून वाचत बसायची. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे माझं बडबडगीत. "आपण कोण आहोत हे ताठ मानेनं सांगा," असं प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे असायचंच. दहा-अकरा वर्षांची असताना मी एसटीत एका अनोळखी बाईला, तिनं काही विचारलेलं नसताना, आम्ही आदिवासी आहोत हे ताठ मानेनं सांगितलं होतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली होती.

मोठी झाल्यावर मीही लिहू लागले. एका छोट्या मासिकात माझे लेख येतात. आमची चित्रं छापलेले कप विकणाऱ्यांवर, आमच्या नाचाला 'आयटम' म्हणणाऱ्यांवर मी चांगलं तडाखेबंद लिहिते, असं लोक म्हणतात. बेलव्ह्यूमध्ये ते मासिक येत नाही. ही सोय मला बरीच वर्षं पुरली.

इथे मी दादाकडे राहते. दादा, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. वहिनी पुण्याची, आमच्या समाजाची नाही. तिनं घरच्यांना सगळं सांगून, भांडून लग्न केलं. दादा मात्र इथे कुणी विचारलं की "नाशिक" म्हणतो, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत द्राक्षांवर बोलू लागतो. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं होतं, "हे बघ, तुझी पत्रकं इथे काढू नकोस. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत रूममेटला कळलं होतं. त्यानंतर मी काहीही चांगलं केलं तरी लोक एकमेकांकडे बघायचे. इथे मी पहिल्यांदा नुसता इंजिनिअर आहे. मला राहू दे."

मला राग आला होता. तरी मी राहू दिलं. पुढे मलाही कुणी विचारलं की मी "नाशिक" म्हणू लागले, आणि द्राक्षांची माहिती मला दादापेक्षा बरी आहे.

प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेल्या एका पॉटलकला एक काका ताटात पुलाव घेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यार, आमच्या बॅचला एक होता, निम्म्या मार्कांत आत आलेला. आता म्हणे कलेक्टर आहे! आपण इथे कोड डीबग करतोय, तो तिथे फाइली डीबग करतोय." सगळे हसले. दादा हसला. मी हसले नाही, पण ताट ठेवून उठलेही नाही. कढी चांगली झाली होती, ती परत घेतली.

असं आमचं ठीक चाललं होतं. मग गेल्या शरदात भाचीची शाळा मुलांना इथल्या मूळ लोकांच्या सांस्कृतिक केंद्रात घेऊन गेली. तिथे एका आजींनी त्यांच्या लोकांची गोष्ट सांगितली. नदीची, सॅमन माशांची. शेवटी त्या मुलांना म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात लायब्ररीत आम्ही सगळ्यांसाठी गोष्टींची दुपार ठेवली आहे, तुमच्या आजी-आजोबांची एखादी गोष्ट घेऊन या. भाची घरी आली ती आजोबांना शोधतच. बाबा तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. ती त्यांना आमच्याकडे म्हणतात तसं आजा म्हणते.

"आजा, डू वी हॅव अ स्टोरी?"

बाबांना तेवढं इंग्रजी कळलं. ते आत गेले आणि बॅगेतून, गरम कपड्यांच्या घडीतून, काशाची एक थाळी काढून घेऊन आले.

मी बघतच राहिले. ती माझ्या आजोबांची. आजोबा थाळकरी होते. थाळीच्या मधोमध मेणानं एक लांब काडी उभी चिकटवायची आणि दोन बोटांच्या चिमटीत ती वरून खाली ओढत राहायचं. थाळी घुमते, आणि त्या घुमण्यावर माणूस रात्रभर गोष्ट सांगतो. पीक घरात आलं की धान्याच्या आईची गोष्ट सांगायची. ती माणसांवर रुसून कशी निघून गेली, तिच्यामागे कोण कोण गेलं, ती कशी परतली. पत्रकं लिहिणारे माझे बाबा ती वाजवतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्यासमोर त्यांनी कधी वाजवली नव्हती. का, ते मी विचारलं. "तुम्ही सारखे अभ्यासाला बसलेले," एवढंच म्हणाले.

गावचं मेण प्रवासात फुटलं होतं. दुकानातल्या मेणबत्तीच्या मेणावर काडी काही उभी राहीना, ओढली की आडवी. शेवटी वहिनीनं शनिवारच्या बाजारातून मधमाश्यांच्या मेणाची वडी आणली आणि थाळ घुमला. दोन दिवसांनी अपार्टमेंटच्या ऑफिसमधून माणूस आला. खालच्यांची तक्रार होती, की भिंतीतल्या पाइपांतून आवाज येतोय. त्यानं आमचा हीटर उघडला, बंद केला, डिशवॉशरला कान लावला. बाबा थाळी मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसले होते. वहिनी मला म्हणाली, "सांगू का त्याला?" मी म्हटलं, "नको, त्याचा अजून फ्रीज बघायचा राहिलाय."

रोज शाळेतून आल्यावर भाची आजासमोर मांडी घालून बसायची. तिला गोष्ट हवी होती, पण बाबा आधी नमनच घेऊन बसले. आमच्याकडे गोष्ट नमनाशिवाय उघडत नाही. धरतीचं नाव घ्यायचं, डोंगराचं घ्यायचं, ज्याच्याकडून गोष्ट आली त्याचं घ्यायचं, आणि आपण कुणाची लेकरं, ते सांगायचं. मगच धान्याची आई पाऊल टाकते. भाचीच्या तोंडात आमची बोली विचित्र वाटायची, सगळे 'ट' आणि 'ड' अमेरिकन. पण पाठ तिला माझ्यापेक्षा लवकर झालं. मला अजूनही पूर्ण येत नाही. मला पत्रकं येतात.

ती दुपार जवळ आली तेव्हा दादाला कळलं, की त्याच वर्गातली चार मराठी मुलं आणि त्यांचे आईबाप तिथे असणार आहेत. जेवताना त्यानं विषय काढला.

"बाबा, गोष्ट सांगा. मस्त सांगा. फक्त ते नमन सोडून द्या. 'महाराष्ट्रातली लोककथा' एवढंच म्हणू. उगाच सगळं स्पष्ट करत बसायला नको."

मी बाबांकडे पाहिलं. आता हा माणूस दादाला सोलणार, असं मला वाटलं. मी अक्षरशः घास थांबवून वाट बघत होते.

बाबा म्हणाले, "बरं."

"बरं?" मीच ओरडले. "बाबा, तुमची अख्खी हयात 'ताठ मानेनं सांगा' लिहिण्यात गेली. किडक्या डाळीच्या पत्रकातसुद्धा होतं ते!"

"होतं ना," बाबा शांतपणे म्हणाले. "पण मी वाटायचो कुठे? आपल्याच बाजारात. आपल्याच माणसांत. आपल्या माणसांना अभिमान धरा म्हणायला काय लागतं? हे इथे राहतात. तुमच्या पोरीला इथे शाळेत जायचंय." मग त्यांनी भाताचा घास घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू सांगितलंयस का इथे कुणाला?"

मी वरण वाढून घेतलं. दादानं पाण्याचा ग्लास उचलला. वहिनी ताटं उचलता उचलता म्हणाली, "मला एक कळत नाही. मी माझ्या आईवडिलांना तोंडावर सांगून आले. इथे लपवायला कुणी सांगितलं तुम्हा भावंडांना? लाज तुमची तुम्हालाच वाटते, आणि नाव मात्र त्या काका-काकूंचं."

आणि खरं सांगते, बाबा "बरं" म्हणाले तेव्हा मला राग आला त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, हायसं वाटलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. भाचीलाही त्या रात्री कुणीच काही सांगितलं नाही. ती तेव्हा झोपली होती, आणि पुढेही ठरलेलं तिच्या कानावर घालायचं धाडस कुणाचंच झालं नाही.

लायब्ररीतल्या मुलांच्या खोलीत गालिच्यावर सगळे दाटीवाटीनं बसले होते. त्या आजींनी सुरुवात केली. देवदाराच्या सालीची विणलेली टोपी, शेजारी त्यांची नात. त्यांनी गोष्टीआधी किती तरी वेळ नुसतं आपण कोण, आई कोण, आईची आई कोण, नदी कुठली, हेच सांगितलं. त्यांच्या काही गोष्टी थंडी पडल्यावरच सांगायच्या असतात, असंही म्हणाल्या. बाबांना मी हे मराठीत सांगितलं तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "आपल्यासारखंच!" पुढच्या रांगेतल्या मराठी काकूंनी वळून आमच्याकडे हसून पाहिलं.

मग दादानं आमची ओळख करून दिली. महाराष्ट्र, नाशिक, शेतकरी कुटुंब, लोककथा. छान बोलला. बाबांनी थाळी पुढे घेतली, चिमटीत काडी धरली आणि ओढली. खोलीत तो आवाज भरला. पोरं एकदम चूप झाली. बाबांनी तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

त्यांनी पुन्हा काडी ओढली. पुन्हा तोंड उघडलं. ज्या माणसानं मोर्च्यांत कर्ण्याशिवाय भाषणं केली, त्याला एका गोष्टीचं पहिलं वाक्य सापडेना. त्यांना नमन गाळायचं होतं, आणि नमन गाळून ती गोष्ट कुठून धरायची हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. थाळ घुमत राहिला. कुणीतरी खोकलं. दादा जमिनीकडे बघत होता. मला ते नमन अर्धंमुर्धं का होईना, येत होतं. मी उठू शकले असते. मी पुढे बसलेल्या त्या काकूंच्या पर्सकडे बघत राहिले.

"आजा," भाची त्यांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "यू फरगॉट द नमन."

आणि तिनंच सुरू केलं. त्या अमेरिकन जिभेनं तिनं धरतीचं नाव घेतलं, आमच्या डोंगराचं घेतलं, माझ्या आजोबांचं घेतलं. दुसऱ्या ओळीला बाबांचा आवाज तिच्या आवाजाखाली येऊन मिळाला. संपल्यावर ती लोकांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, की आता मी सांगितलं की आम्ही कोकणा आहोत. आम्ही आदिवासी आहोत. म्हणजे तिथे पहिल्यापासून राहणारे. मग त्या आजींकडे बघून, "लाइक यू."

आजींनी मान हलवली, मोठी, संथ. आणि बाबांनी गोष्ट सांगितली. भाची मध्ये मध्ये थांबवून इंग्रजीत सांगत होती. धान्याची आई रुसून निघाली तेव्हा एक छोटा मुलगा रडायला लागला आणि ती परत येईपर्यंत थांबला नाही.

एवढ्यावर हे थांबलं असतं, तर मी अभिमानाचा लेख लिहिला असता. तसे लेख मला येतात.

गोष्टी संपल्यावर सगळे कॉफीपाशी जमले. बाबा आणि त्या आजी एका कोपऱ्यात थाळीवर वाकून काहीतरी बोलत होते, भाची दोघांत दुभाषी. त्या काय बोलल्या ते मला नंतर घरी कळलं. थाळीच्या कडेला हात लावण्याआधी त्यांनी परवानगी मागितली होती. मी तिथे नव्हते, कारण त्या पर्सवाल्या काकूंनी मला गाठलं होतं.

"अगं, कित्ती गोड म्हणाली गं ती! मला तर काटाच आला." काकूंनी माझा हात धरला. मग आवाज खाली आला. "आणि हे खरंच का गं? म्हणजे तुम्ही... ट्रायबल?"

"हो, काकू."

"अय्या! पण तुम्ही वाटत नाही हो अजिबात. तुझा दादा तर मुळीच नाही. आणि तू तर किती शुद्ध बोलतेस!"

ह्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. वर्षानुवर्षं होतं. त्यावर माझा एक अख्खा लेख छापून आलेला आहे, आणि त्याचा शेवट वाचून लोकांनी मला फोन केले होते.

मी हसले आणि म्हणाले, "थँक यू."

काकूंनी माझ्या हातावर थोपटलं. त्या वाईट बाई नाहीत. वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर त्यांनी डबे आणून दिले होते. त्यांना वाटलं त्यांनी काहीतरी चांगलं दिलं, आणि मी ते घेतलं. मी मागे वळले तर भाची हातात बिस्किट घेऊन उभी होती.

घरी जाताना गाडी दादा चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी. सगळे खुशीत होते, दादासुद्धा. तो दोनदा म्हणाला, "जमलं की." मागून भाची मला म्हणाली, "आत्या, व्हॉट डिड आंटी गिव्ह यू?"

"काही नाही. का गं?"

"यू सेड थँक यू."

मला गाडीतून उतरावंसं वाटलं. बाबांनी वळून विचारलं, "काय म्हणते ती?" मी काही बोलायच्या आत तिनं आपल्या मराठीत त्यांना सगळं सांगितलं. "आजा, त्या आंटी म्हणाल्या, आपण तसे वाटत नाही. मग आत्या थँक यू म्हणाली." तिच्या बोलण्यात चहाडी नव्हती. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं.

वहिनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"कसं वाटायला पाहिजे होतं आपण? विचारलंस का त्यांना?" बाबा म्हणाले.

"नाही."

"हं," ते म्हणाले. "मीबी कधी विचारलं नाही. एसटीत, कचेरीत, हॉस्पिटलात, किती लोक म्हणाले मला. मास्तर, तुम्ही वाटत नाही. मी नमस्कार करायचो."

मला आरशात दादाचे डोळे दिसले, आणि तोही किती वेळा 'थँक यू' म्हणाला असेल ते मला मोजावं लागलं नाही. तीन माणसं, दोन पिढ्या, आणि सगळ्यांनी आभार मानलेले. मागच्या सीटवर एक पोर, जिला कळत नव्हतं की ह्यात मिळालं काय.

बाबा आता गावी परतलेत. थाळी भाचीकडे आहे. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिला गोष्ट सांगायची आहे, आणि दादानं कुणी न सांगता आयोजकांना फोन करून सांगितलं, की 'लोककथा' नको, 'कोकणा आदिवासी कथा' असं म्हणा. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ उगाच सिंक घासत होता. मी अजून काकूंकडे गेलेले नाही. दोनदा त्यांच्या घरावरून गाडी नेली. तिथे जाऊन काय बोलायचं ते मला पाठ आहे, आणि पाठ असलेलं तोंडातून येत नाही, हे मी आता बाबांच्या आणि माझ्या बाबतीत पाहिलंय. भाची मला पुन्हा काही विचारत नाही. ती मला काडी ओढायला शिकवते. "नॉट सो हार्ड, आत्या," म्हणते.

तुम्ही आदिवासी असाल, आणि उद्या कुणी प्रेमानं तुमचा हात धरून "तुम्ही वाटत नाही हो" म्हणालं, तर माझं एक ऐका. चिडू नका, भाषण देऊ नका, आणि आभार तर मुळीच मानू नका. तिथल्या तिथे, तुमचं मूल शेजारी उभं असताना, विचारा, "कसं वाटायला हवं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.